मडकं सगळ्यात शेवटी टांगा

दुकानातून बजी पोपटांची जोडी घरी येते तेव्हा पिंजऱ्याबरोबर एक मडकंही पिशवीत येतं. "टांगून ठेवा, महिन्याभरात अंडी देतील," असं दुकानदार सांगतो. त्याच संध्याकाळी मडकं टांगलं जातं. मग सहा महिने काहीच घडत नाही, नाहीतर पंधरा-वीस दिवसांत मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली सापडते. दोन्ही वेळेला बिनसलेलं बहुधा एकच असतं: जोडी तयार व्हायच्या आधी मडकं आलं. मादीला अंधारी, गोल, बंद जागा दिसली की तिचं शरीर अंड्यांच्या मागे लागतं. त्या शरीरात कॅल्शियम साठलंय का, वय झालंय का, नर तिला भरवतोय का, हे मडकं विचारत नाही. ते आपण विचारायचं. म्हणून या लेखातही मडकं बरंच खाली येईल.

आधी नावाचा घोळ मिटवू. सांगली-मिरजेत "लव्ह बर्ड" म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी असतं: लांब शेपटीचा, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेला, मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. आखूड शेपटीचा, मोठ्या चोचीचा, भांडखोर असतो तो आफ्रिकन लव्ह बर्ड. त्याची रीत वेगळी, इथे तो विषय नाही. आणि आपला हिरवा राघू, कंठ असलेला किंवा नसलेला, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाही, मग त्याची पिल्लं काढण्याचा प्रश्नच उरला नाही. बजी परदेशी आहे आणि साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतही नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीची भानगड नाही.

आता नर-मादी. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मेणासारखी पट्टी असते, तिचा रंग बघायचा. मोठ्या नराची पट्टी गडद निळी. मादीची फिकट पांढुरकी-निळसर असते, आणि ती अंड्यांवर यायला लागली की तपकिरी, खरखरीत होते. फसगत होते ती पिल्लांत. कोवळ्या नराची पट्टी गुलाबी-जांभळी एकसारखी असते. कोवळ्या मादीची फिकट निळी, पण नाकपुडीभोवती पांढरं कडं. हे कडं न बघता "निळं आहे म्हणजे नर" असं धरलं की दोन माद्या घरी येतात. पिवळ्याधमक आणि पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या बजीत मोठ्या नराचीही पट्टी गुलाबी-जांभळीच राहते, तेव्हा तिथे रंगापेक्षा तुकतुकीतपणा बघा. नराची पट्टी गुळगुळीत, मादीची सुरकुतलेली. दोन माद्याही एकमेकींना भरवतात, एकाच मडक्यात बसतात आणि आठ-दहा अंडी घालतात. ती सगळी कोरी, म्हणजे जीव न धरलेली निघतात.

वयाची खूण कपाळावर. रेघा थेट चोचीपर्यंत आल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला. पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं. त्यानंतर डोळ्यात बुबुळाभोवती फिकट वलय उमटतं. मादी किमान 10 ते 12 महिन्यांची हवी. सहा महिन्यांची मादी अंडी घालू शकते, आणि नेमकी तीच अंडं अडून मरते. चार वर्षांच्या पुढच्या मादीलाही या फंदात पाडू नये. नराला थोडी सूट आहे.

एकाच दुकानातली, एकाच पिंजऱ्यातली जोडी बहुतेक वेळा भावंडंच असतात. नर सांगलीतून घेतला तर मादी कोल्हापूर किंवा कराडहून घ्या, एवढा साधा उपाय. नवा पक्षी एक महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा. चोचीच्या कडेला, नाकपट्टीवर चुन्यासारखा सच्छिद्र पापुद्रा दिसला तर ती खरजेची कीड आहे. आधी पशुवैद्याकडून औषध, मग जोडी. उडायची लांब पिसं ज्याची सतत गळतात आणि जो जमिनीवर नुसता पळत राहतो, त्याच्यापासून पिल्लं घ्यायचीच नाहीत. हा विषाणूजन्य आजार असतो, आणि पिल्लं भरवताना तो पुढे जाऊ शकतो.

पिंजरा एका जोडीला कमीत कमी 24 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, बजी आडवा उडतो. गजांतलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको. बसायच्या काठ्या मात्र नीट वाचा, कारण कोऱ्या अंड्यांचं मोठं कारण इथे लपलेलं असतं. पिंजऱ्यासोबत येणारी प्लास्टिकची गुळगुळीत दांडी काढून टाका. कडुनिंबाची किंवा पेरूची, करंगळीएवढी ते बोटाएवढी जाड फांदी धुऊन, वाळवून, दोन्ही टोकांना घट्ट बसवा. मिलनाच्या वेळी नर मादीच्या पाठीवर एक पाय आणि बऱ्याचदा एक पंख टाकून तोल सांभाळतो. काठी गरकन फिरली किंवा हलली की तो घसरतो, आणि महिनाभराची मेहनत तिथेच संपते. काठी हाताने हलवून बघा. हलली तर बाकी सगळं बरोबर असूनही अंडी कोरीच येतील.

एकटी जोडी कधीकधी महिनोन्‌महिने ढिम्म हलत नाही. बजी थव्याचा पक्षी आहे, इतर जोड्यांचा चिवचिवाट ऐकला की त्याला पालवी फुटते. शेजारी दुसरा पिंजरा असला तर उत्तम, नसेल तर मोबाइलवर बजींचा आवाज रोज तासभर लावला तरी फरक पडतो. एकाच पिंजऱ्यात दोन जोड्या मात्र नकोत. माद्या मडक्यावरून एकमेकींचे पाय फोडतात.

मोसम म्हणाल तर घटस्थापना ते शिवरात्र. बजी तसा बारमाही अंडी देतो. त्याच्या मूळ देशात पाऊस पडून गवताला दाणा आला की तो घरटं धरतो, महिन्याशी त्याला देणंघेणं नाही. पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या गॅलरीत त्याहून वर जातो, आणि मडक्यात पिल्लं धापा टाकत मरतात. जत-आटपाडीकडे तर हवा इतकी कोरडी असते की पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून राहतं. पावसाळ्यात पाटण-जावळीकडे उलटी तऱ्हा: दाण्याला बुरशी, मडक्यात ओल. सांगलीत नदीकाठच्या घरांना आणखी एक हिशेब आहे. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की माणसांचीच हलवाहलव सुरू होते, आणि अंड्यांवर बसलेल्या मादीचा पिंजरा हलवला की ती बहुधा अंडी सोडते. ऑगस्टमध्ये अंडी असूच नयेत. दिवाळीही या मोसमात येते, तेव्हा पिंजरा रस्त्याच्या बाजूला न ठेवता आतल्या खोलीत असलेला बरा. फटाक्याने दचकलेली मादी रात्री अंधारात बाहेर पडते आणि परत आत जायची वाट तिला सापडत नाही.

आता उजेडाचं. जोडीला रोज 12 ते 14 तास उजेड लागतो. थंडीत आपल्याकडचा दिवस सुमारे 11 तासांचा, म्हणून संध्याकाळी दोन तास साधा एलईडी दिवा लावा. तो बंद करायच्या आधी झिरोचा मिणमिणता दिवा लावून ठेवायचा, म्हणजे मादी चाचपडत नाही. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास थेट अंगावर हवं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. कॅल्शियम अंगी लागायला जे ड जीवनसत्त्व लागतं, त्याचे किरण काचेत अडतात.

खाण्यात मुख्य दाणा राळं, त्यात वरी, थोडी बाजरी आणि मिळाल्यास कॅनरी सीड. एका पक्ष्याला दिवसाला सपाट दोन छोटे चमचे पुरतात. वाटीवर टरफलांचा थर साचतो आणि ती भरलेली दिसते. रोज फुंकर मारून बघा, भरल्या वाटीशेजारी उपाशी राहिलेले पक्षी कमी नाहीत. नुसत्या दाण्यावर जोडी जगते, पण पिल्लं काढण्याएवढा जोर तिच्यात येत नाही. मडकं टांगायच्या किमान तीन-चार आठवडे आधी मऊ खाणं सुरू करायचं. अंडं 12 मिनिटं उकडा आणि कवचासकट कुस्करा. त्यात किसलेलं गाजर घाला, जोडीला छोटा चमचाभर, आठवड्यातून तीनदा. मोड आलेले मूग, पण मोड नुकते फुटलेले. आंबूस वास आला तर फेका. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, कोवळं कणीस आलटून पालटून. अंड्याचं खाणं दोन तासांवर पिंजऱ्यात ठेवायचं नाही. पहिले आठ दिवस ते त्याला शिवणारही नाहीत. तरी ठेवत राहा, कारण जी मादी आता अंडं खायला शिकली नाही ती पिल्लं आल्यावरही नुसता दाणाच भरवते.

द्राक्षांबद्दल सांगायलाच हवं, कारण तासगाव-पलूसच्या घरांत द्राक्षं घमेल्याने असतात. फवारणी झालेल्या बागेतलं द्राक्ष एवढ्याशा, तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला देऊ नका. नुसत्या पाण्याने धुऊन सगळी फवारणी जात नाही. बागेच्या बांधावरचं गवत तोडून घालायचंही टाळा. अ‍ॅव्होकॅडो, कांदा, चॉकलेट, खारवलेलं काहीही, आणि सफरचंदाच्या बिया वर्ज्य.

कॅल्शियमसाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा गजाला तारेने बांधा, मऊ बाजू पक्ष्याकडे. एरवी त्याकडे ढुंकूनही न बघणारी मादी अंड्यांच्या आधी तो दोन दिवसांत कुरतडून संपवते. ही तयारीची पक्की खूण समजा. कोंबडीच्या अंड्याची कवचं दहा मिनिटं उकळून, वाळवून, भरड कुटून दिली तरी चालतात.

आता जोडीकडे बघत बसायचं. नर मान वरखाली नाचवत गुणगुणतो, चोचीवर चोच आपटतो, त्याच्या डोळ्यातली बाहुली बारीक-मोठी होते आणि तो मादीला भरवतो. मादीची नाकपट्टी तपकिरी होते. ती कागद कुरतडते, वाटीत घुसून बसायला बघते. भरवणं रोज दिसायला लागलं, नाकपट्टी पिकली आणि समुद्रफेस संपत आला, की मडकं.

मडकं की लाकडी पेटी, यावर वाद घालणारे घालोत. कुंभाराकडचं मडकं स्वस्त, थंड, आणि त्याचा तळ आपोआप खोलगट. या शेवटच्या गुणासाठी मी त्याला शंभर गुन्हे माफ करीन. पण मडक्यात डोकावता येत नाही, आणि विष्ठेची ओल माती शोषून धरते. म्हणून कुंभाराला सांगून आत सात-आठ इंच रुंदीचं, बाजूला दोन इंचांचं भोक असलेलं मडकं घ्या आणि वरच्या तोंडाला उचलता येईल असं लाकडी झाकण करून घ्या. रंगवलेलं, वार्निश मारलेलं नको. पेटी करायची तर 9 इंच लांब, 6 रुंद, 7 उंच. भोक कॅरमच्या स्ट्रायकरएवढं, एका टोकाला आणि वरच्या बाजूला, म्हणजे मादी आत उडी मारताना थेट अंड्यांवर पडत नाही. दुसऱ्या टोकाला तळाच्या फळीत चार इंच व्यासाचा, अर्धा-पाऊण इंच खोल खळगा सुताराकडून कोरून घ्यायचा. हा खळगा नसलेली सपाट पेटी म्हणजे पाय फाकलेली पिल्लं. त्याकडे पुढे येतो. तळाशी रंधा मारल्यावर पडतात त्या लाकडाच्या जाड झिलप्या बोटभर थरात टाका. करवतीचा बारीक भुसा नको, नाकातोंडात जातो. प्लायवूडच्या, रसायन मारलेल्या लाकडाच्या झिलप्याही नकोत. कापूस, काथ्या, चिंध्या आत टाकण्याचं पुण्य पदरात घेऊ नका. बजी घरटं बांधत नाही, मादी निम्म्या झिलप्याही बाहेर फेकेल. तिला फेकू द्या आणि तुम्ही पुन्हा टाका.

मडकं पिंजऱ्याच्या बाहेरून, वरच्या अंगाला, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या बाजूला टांगायचं. आधी दोन-चार दिवस नर आत-बाहेर करतो, मग मादी ताबा घेते आणि त्यालाही हाकलते. मडकं टांगल्यापासून दहा-बारा दिवसांत पहिलं अंडं येतं. तीन आठवडे झाले तरी मादी आत गेली नाही तर मडकं काढा आणि महिन्याने पुन्हा लावा. तसंच लोंबकळत ठेवलं की ते त्यांच्यासाठी भिंत होऊन जातं.

अंडी एक दिवसाआड, साधारण चार ते सहा. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच मादी बसते, म्हणून पिल्लंही एक दिवसाआड फुटतात. प्रत्येक अंड्याला सुमारे 18 दिवस. पहिलं अंडं आलं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. मादी दिवसातून थोडाच वेळ बाहेर येते आणि सुपारीएवढी विष्ठा टाकते. तो जुलाब नाही, तिने दिवसभर रोखून धरलेलं असतं.

सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चवर अंडं बघता येतं. मादी बाहेर असताना, कोरड्या स्वच्छ हाताने, अंडं न फिरवता. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. पिवळसर, आरपार स्वच्छ दिसलं तर कोरं. कोरी अंडी लगेच काढू नका. पोटाखाली काही उरलं नाही तर मादी नव्याने घालत सुटते आणि झिजते. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत पसरट ताटलीत अंघोळीचं पाणी रोज ठेवा. ओल्या पोटाने ती आत जाते आणि अंड्यांना लागते तेवढी दमट हवा आपोआप मिळते. वरून फवारा मारायची गरज नाही.

सगळ्यात घातक प्रसंग म्हणजे अंडं अडणं. मादी काठी सोडून तळाशी बसते, पिसं फुगलेली, शेपटी श्वासाबरोबर वरखाली, मध्येच कुंथते, पोटाखाली गोटी जाणवते. कारणं ठरलेली: कोवळं वय, कॅल्शियम नाही, नुसत्या दाण्याने आलेली चरबी, अचानक पडलेली थंडी, किंवा लागोपाठ तिसरी-चौथी खेप. इथे हाताशी तासच असतात. तिला छोट्या खोक्यात घ्या, एका अंगाला 40 वॅटचा पिवळा बल्ब, आतली हवा 30 अंशांच्या आसपास, शेजारी गरम पाण्याची वाटी म्हणजे ओल राहील. खोक्याची दुसरी बाजू सावलीची असू द्या, उकडलं तर तिला सरकता यावं. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न अजिबात नको. आत फुटलेल्या अंड्याने ती बहुधा जाते. ऊब देता देता पशुवैद्याला फोन करायचा, आणि हा नंबर मडकं टांगायच्या आधी शोधलेला हवा. गावोगावचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींत तरबेज असतात, पक्षी बघणारा कोण हे आधी विचारून ठेवा. साताऱ्याच्या उत्तर भागातल्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडतं.

पिल्लू फुटतं ते दोनेक ग्रॅमचं, उघडं, आंधळं. आई त्याला आधी दुधासारखा पातळ रस भरवते आणि आईला बाप. म्हणून या काळात नर काढून घेऊ नये. मऊ खाणं आता दिवसातून दोन-तीनदा, ताजं. गळ्याखालची पिशवी फुगलेली दिसली की पोट भरलंय. थोरलं आणि शेंडेफळ यांत दहा दिवसांचं अंतर पडतं, शेवटचं दडपून मरण्याची भीती असते. त्याच वयाची पिल्लं असलेली दुसरी जोडी असेल तर तिथे सरकवा, बजी मोजत बसत नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. मग दर तीन दिवसांनी झिलप्या बदला, वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला वाळलेलं खाणं ओल्या काडीने काढा, नाहीतर चोच वाकडी वाढते. नखांवर विष्ठेचे गोळे बसले असतील तर कोमट पाण्यात भिजवून सोडवा. कोरडे ओढले तर नख उपटून येतं.

पाय फाकणं: सपाट, गुळगुळीत तळावर पिल्लाला पकड मिळत नाही, वरून आईचं वजन, आणि पाय दोन बाजूंना पसरतात. पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आलं तर कागदी चिकटपट्टीची सैल कडी करून दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर आठवडाभर बांधले की बहुधा सुधारतात. तीन आठवड्यांनंतर हाडं घट्ट होतात.

आणि मुंग्या. लाल मुंग्यांनी रात्रीत अख्खी खेप संपवल्याच्या घटना आपल्याकडे मांजरापेक्षा जास्त होतात. पिंजरा स्टँडवर ठेवून चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, टांगलेला असेल तर तारेला व्हॅसलीन लावा. मुंग्यांचा विषारी खडू, डासांची कॉइल, उदबत्ती, नॉनस्टिक तव्याचा करपलेला धूर, हे सगळं पिंजऱ्यापासून लांब. तापलेल्या नॉनस्टिकची वाफ माणसाला नुसती खवखवते, बजी काही मिनिटांत खाली पडतो. साफसफाई करताना विष्ठेवर आधी पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा, सुकलेल्या धुळीतून माणसालाही फुप्फुसाचा आजार होतो.

तीस ते पस्तीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात. लगेच वेगळी करू नका, अजून आठ-दहा दिवस बाप भरवत असतो. तळाशी राळ्याची कणसं किंवा दाणे पसरून ठेवा. सहा आठवड्यांच्या सुमारास पिल्लू स्वतः टरफल सोलून दाणा खाताना दिसलं की मगच दुसरा पिंजरा. तोवर मादी बऱ्याचदा दुसऱ्या खेपेची अंडी घालायला लागलेली असते, आणि मडक्यात रेंगाळणाऱ्या पिल्लांची पिसं उपटते. अशा वेळी पिल्लांना नरासोबत जाळीपलीकडे हलवणं हाच उपाय.

वर्षाला दोन खेपा, त्यापुढे नाही. दुसरी खेप उडाली की मडकं उतरवा, उजेड दहा तासांवर आणा, अंड्याचं खाणं बंद करा. मडकं फोडून टाका, नवं काही महाग नसतं. पेटी असेल तर उकळत्या पाण्याने धुऊन चार दिवस कडक उन्हात. काही माद्या तरीही हट्टाने दाण्याच्या वाटीत अंडं घालतात. तेव्हा रुंद वाटी काढून तिला बसता येणार नाही अशी अरुंद, खोल वाटी लावायची, आणि पिंजऱ्याची जागा बदलायची.